वैजूची माती

वैजूनं मातीचा गोळा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "बघ गं मालन. तू कुंभाराची. चालेल का?"

गोळा ओला होता, थंडगार, पिवळसर. इचलकरंजीच्या पलीकडं तिच्या मामाचं रान होतं. तिथल्या ओढ्याकाठची माती तिनं दोन पोती भरून एस्टीच्या टपावर घालून आणली होती. मी गोळा अंगठ्यानं दाबला, पसरला, परत गोळा केला. तिसऱ्या दाबाला बोटाखाली खडा आला. ज्वारीच्या कणीएवढा. मग दुसरा, मग तिसरा. वाळूचा खडा बोटाला टोचतो. हा टोचत नव्हता. मी तिच्याकडं पाठ करून एक खडा नखानं खरवडला. पांढरी पूड आली.

"चालेल की," मी म्हणाले. "झकास माती आहे."

"खरंच?"

"अगं, म्हणते ना."

ती लहान पोरीसारखी हसली आणि गोळा माझ्या हातातून घेऊन गेली.

चुनखडी म्हणजे काय ते सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कच्च्या मातीत ती गुपचूप बसते. भट्टीत भाजली की तिचा चुना होतो, तरीही ती गुपचूपच असते. भांडं भट्टीतून छान बाहेर येतं, वाजवलं तर वाजतं. मग तो चुना हवेतली ओल पीत बसतो आणि फुगतो. तीन दिवसांनी, पाच दिवसांनी, कधी आठवड्यानं भांड्याचा टवका उडतो. आत पांढरा ठिपका दिसतो. आमच्याकडं म्हणतात, चुना फुटला. म्हणून कुंभाराच्या घरात माती चाळायची, निवडायची, आणि खडा राहिल्याचा संशय आला तर भांडं भट्टीतून निघाल्या निघाल्या पाण्यात बुडवायचं. पाण्यात चुना एकदम भिजून मऊ होतो, मग त्याच्यात फुगायचा जोर राहत नाही. हे आमच्या आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कॉलेजात कुणाला ठाऊक नव्हतं. तिथं माती पोत्यात विकत यायची, पिठासारखी स्वच्छ.

ही तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही दोघी शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला होतो. वर्गात मुली दोनच, मी आणि वैजयंता होगाडे. खोलीही एकच. तिचे वडील दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवायचे, आई घरी बसून कांड्या भरायची. माझ्यापेक्षा तिची परिस्थिती सूतभरही बरी नव्हती. हे मुद्दाम सांगते. ती पैसेवाल्याची असती तर माझ्या जळण्याला मी काहीतरी चांगलं नाव दिलं असतं. तशी सोय नव्हती.

चाकावर तिला साधी वाटी जमत नव्हती. माती मधोमध बसवता येत नव्हती. गोळा उडून भिंतीवर जायचा आणि ही बया हसत बसायची. मी मात्र पहिल्या वर्षापासून चाकाला चिकटले होते, कारण घरी मला चाकाला हात लावायची मुभा नव्हती. कुंभाराची बाई माती आणते, चाळते, निवडते, तुडवते, मडक्याला थापटी मारते, भट्टी रचते. चाकावर बसत नाही. का, विचारलं तर माझा बाप, आबा, म्हणायचा, "न्हाई बसत." संपला विषय. माझा भाऊ चाकावर बसायचा आणि त्याचं मडकं तिरकं व्हायचं. मी खाली बसून खडे निवडायची आणि त्याचं तिरकं मडकं बघायची.

कॉलेजात मी चाक शिकले आणि शेवटच्या वर्षी कमरेएवढा रांजण काढला. तीन भागांत काढून जोडला. कुठं सांधा आहे ते दाखवा म्हणून मी पोरांशी पैज लावायची. पेठे सरांनी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"हात छान आहे मालन," ते म्हणाले. "पण हे तर तुझ्या वडिलांनीच केलंय की. तुझं काय आहे यात?"

मग ते वैजूच्या टेबलाशी गेले आणि अर्धा तास तिथून हलले नाहीत.

वैजूचा खेळ असा होता. जुनं कापड घ्यायचं, पातळ मातीत बुडवायचं, वाळवायचं, परत बुडवायचं. सर त्या पातळ मातीला स्लिप म्हणायचे, आम्ही कढी म्हणायचो. "वैजूची कढी उकळली का?" असं पोरं चिडवायची. मातीचे थर बसले की भट्टीत टाकायचं. आत कापड जळून जायचं आणि वर मातीचं कापड उरायचं. उभे-आडवे धागे, टाके, दुमड, फाटकी किनार, सगळं तस्संच, पण खापराचं. वर्षभर तिचं काही ना काही फसत होतं. विकतची माती गुळगुळीत, ती कापडावरून सोलून पडायची. म्हणून तिनं रानातली भरड माती आणली. भरड माती धाग्याला धरून बसली. ती बारीक चाळली असती तर परत सुटली असती, म्हणून वैजूनं ती माशा अडवायच्या जाळीतून नुसती गाळली. ज्वारीची कणी त्या जाळीतून आरामात जाते.

त्या मातीत ती गाठोडी करणार होती. घरातल्या नऊ माणसांची नऊ. दिवाळीला घरी गेली तेव्हा तिनं प्रत्येकाला त्याचं एक जुनं कापड आणि चिंध्यांचा ढीग दिला आणि सांगितलं, घर सोडून जायची वेळ आली असं समज आणि तुझं गाठोडं तू बांध. आईनं लुगड्यात बांधलं, वडिलांनी लुंगीत, आजीनं पटकुरात, धाकट्या भावानं शाळेच्या सदऱ्यात. ती नऊ गाठोडी बांधली तशीच उचलून तिनं आणली.

मी त्या ढिगाकडं बघितलं. मला हे का सुचलं नाही? माझ्याही घरात माणसं होती, कापडं होती, आणि माती तर पिढ्यान् पिढ्यांची होती.

आणि जागा एकच होती. बडोद्याजवळ पारेखबाई म्हणून एक मोठ्या शिल्पकार होत्या. दरवर्षी त्या आमच्या वार्षिक प्रदर्शनाला यायच्या आणि एका विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी आपल्या स्टुडिओत घेऊन जायच्या. राहायला खोली, वापरायला चाक, स्वतःची भट्टी. मला ती जागा हवी होती. कारण घरी परत गेले की मी खाली बसून खडे निवडणार होते आणि भाऊ वर चाकावर बसणार होता. दुसरं काही नव्हतं माझ्यापुढं.

म्हणून मी म्हणाले, झकास माती आहे.

मार्चात गाठोडी भट्टीत गेली. भट्टीचं काम माझ्याकडं असायचं, कारण आच माझ्याइतकी कुणाला कळत नव्हती. कापड जळायला लागलं तसा आवारभर वास सुटला. बाबू शिपाई नाकाला टोपी लावून आला.

"आज कुणाला अग्नी दिला म्हणायचा?"

"माझ्या अख्ख्या घराला, बाबूमामा," वैजू म्हणाली.

"शुभ बोल की गं नाऱ्या! आजी हाय न्हवं तुझी अजून?"

"आहे की. पटकुरातली."

सगळे हसले. मीही हसले. भट्टीचं झाकण किती उघडं ठेवायचं, धूर कधी सरतो, आच कधी वाढवायची, सगळं मी नेकीनं केलं. माझ्या भट्टीत तिचं काम फुटलं असं कुणी म्हणू नये म्हणून. बुधवारी सकाळी भट्टी उघडली. विटा मीच काढल्या.

नऊच्या नऊ अखंड. विटकरी रंग, कुठं धुराचा काळा हात फिरलेला. लुगड्याच्या काठावरची नक्षी मोजून घ्यावी अशी. गाठी पिळलेल्या, ताणलेल्या, आत्ता सुटतील अशा. आत कापड नाही, चिंध्या नाहीत, काही नाही. नुसती पोकळ गाठोडी.

वैजू मटकन खालीच बसली. "मालन," ती म्हणाली, "आईची गाठ बघ." आणि रडायला लागली.

भट्टीपासून दहा पावलांवर पाण्याचा हौद होता, काठोकाठ भरलेला. गाठोडी अजून कोमट होती. तेवढंच करायचं होतं. मी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "रडतेस काय वेडे! उचल, हॉलमध्ये नेऊ."

नऊपैकी चार मी स्वतः उचलून नेली. हळूच, जपून.

शुक्रवारी प्रदर्शन उघडलं. पारेखबाई सोमवारी येणार होत्या. मी हिशेब मांडला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. सोमवारपर्यंत चुना फुटायला पाहिजे होता. शुक्रवारी काही नाही. शनिवारी काही नाही. ऊन रणरणत होतं, हवा कोरडी ठक्क. ओलच नाही, तर चुना पिणार काय? मी रांजणाशेजारी उभी राहून दिवसभर कान तिकडं लावून होते. लोक रांजणाला "वा, छान" म्हणून पुढं जायचे आणि गाठोड्यांपाशी थांबायचे. गप्प व्हायचे. एक म्हातारी बाई तर हात जोडून उभी राहिली.

हॉलच्या कोपऱ्यात वाळ्याचा कूलर होता. शनिवारी दुपारी मी त्यात दोन बादल्या पाणी ओतलं, ओढत आणला आणि त्याचं तोंड गाठोड्यांकडं केलं. ओलसर गार वारा थेट त्यांच्यावर.

वैजू घामाघूम होऊन स्टुलावर बसली होती. तिनं डोळे मिटून वारा तोंडावर घेतला.

"देव तुझं भलं करो बाई," ती म्हणाली. "जीव चालला होता माझा."

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहितेय.

रविवारी सकाळी आजीच्या गाठोड्याचा टवका पडला. नखाएवढा. वैजूनं तो उचलून मला दाखवला.

"हे काय गं?"

"कुणाचा तरी धक्का लागला असेल. पोरं येतात बघायला, हात लावतात."

"आत पांढरं काय आहे?"

"राख असेल कापडाची."

तिनं पटकन मान्य केलं. फेव्हिकॉल आणायला गेली. तिचं ते पटकन मान्य करणं मला सगळ्यात जास्त डाचायचं. कुणावर संशयच घ्यायची नाही. जणू जगात तिच्या वाइटावर असायला कुणाला वेळच नव्हता.

आणि त्याच दुपारी आबा आला.

मी त्याला बोलावलं होतं खरं, पण येईल असं वाटलं नव्हतं. चार वर्षांत तो कॉलेजची पायरी चढला नव्हता. पांढरंधोट धोतर, डोक्याला पटका, हातात भाकरीचं फडकं. दारात चपला काढून आत आला. मी त्याला थेट रांजणापाशी नेलं.

आबानं रांजणाच्या काठावरून अंगठा फिरवला. पोटावर टिचकी मारून कान लावला. आत हात घालून सांधा चाचपला. मी थांबले. मी चार वर्षं थांबले होते.

"मळणी बरी हाय मातीची," आबा म्हणाला.

मळणी! मळणी मी सात वर्षांची असल्यापासून करत होते. चाकाबद्दल त्यानं एक अक्षर काढलं नाही. जणू तो रांजण आपोआप उगवला होता.

मग त्याची नजर पलीकडं गेली. तो गाठोड्यांपाशी गेला आणि चक्क उकिडवा बसला. वैजू स्टुलावरून उठली. मी ओळख करून दिली.

"ह्ये तू केलंस?"

"होय आबा."

"कापडाचं खापार केलंस की गं!" तो हसायला लागला. माझा बाप हसत होता. "ही गाठ बाईमाणसाची हाय. आत मीठमिरची बांधल्यागत बांधलीया. तुझी आई?"

"आईच!"

"आन् ही गड्याची. नुसती करकचून आवळलीया, सोडायच्या वक्ताला दातानं सोडाय लागंल. बाप तुझा?"

वैजू टाळी वाजवून हसली. "अगदी बरोबर! असेच आहेत ते."

"आन् ही पोराची. ह्याला जायचंच न्हाई कुठं. कशीबशी मारलीया."

दोघं एका गाठोड्यावरून दुसऱ्यावर जात होते. मी मागं उभी. माझ्या बापानं माझ्या कामाला एक मिनिट दिलं आणि त्या मुलीच्या कामापुढं तो उकिडवा बसून राहिला. मला वाटलं, आत्ता फुटावा चुना. आत्ताच्या आत्ता, सगळा.

आणि टक्क असा आवाज झाला.

लुंगीच्या गाठोड्यावरून रुपयाएवढा टवका उडून आबाच्या गुडघ्यापाशी पडला. आबाचं हसू थांबलं. त्यानं टवका उचलला, उलटा केला, पांढऱ्या ठिपक्यावर जीभ लावली आणि थुंकला.

"चुना हाय." तो वैजूकडं वळला. "पोरी, भट्टीतनं काढल्यावर पाण्यात घातलीस का न्हाईस?"

"पाण्यात? नाही. का?"

"आगं, आता ह्ये समदं फुटणार की! एकबी ऱ्हानार न्हाई!" तो उभा राहिला. खरंच कळवळला होता. "कच्च्या मातीत कळत न्हवतं का? माझी मालन हाय की हितं. तिला दावायचीस."

मी जमिनीकडं बघत होते.

"तुला म्हाईत न्हाई ही पोरगी कोण हाय ते," आबा म्हणाला. त्याचा हात माझ्या खांद्यावर आला. असा हात त्यानं कधी ठेवला नव्हता. "सा वर्साची असल्यापासनं चुनखडा निवडती ही. हिचं डोळं बांध आन् हातात माती दे, खडा काढून दावती का न्हाई बघ. आमच्या आळीत असला हात कुणाचा न्हाई. माझासुदीक न्हाई, खोटं कशाला बोलू? हिनं निवडलेल्या मातीचं एक मडकं आजवर फुटलं न्हाई."

एवढं बोलून तो थांबला. मग त्यानं सरळ विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं.

"हिनं सांगितलं न्हाई तुला?"

वैजूनं माझ्याकडं बघितलं.

तिला कळताना मी बघितलं. गोळा, माझा अंगठा, "झकास माती आहे." मग हौद. मग कूलरकडं तिची नजर गेली आणि तिथंच थांबली, आणि परत माझ्यावर आली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. राग असता तर बरं झालं असतं.

आबा वाट बघत होता. त्याचा हात अजून माझ्या खांद्यावर होता.

"सांगितलं होतं की, आबा," वैजू म्हणाली. "माती दाखवली तेव्हाच म्हणाली होती, ही वापरू नको म्हणून. माझंच डोकं फिरलेलं. ऐकलं नाही मी."

"बघ!" आबा म्हणाला. "जाणत्याचं ऐकावं गं बाई. तुझ्याच वयाची हाय म्हणून उडवून लावलीस व्हय? आता चल, उचल. जेवढी वाचतील तेवढी वाचवू."

त्यानं धोतर वर खोचलं आणि लुगड्याचं गाठोडं छातीशी धरून निघाला. बाबू शिपाई आडवा आला, प्रदर्शनातल्या वस्तू अशा बाहेर नेता येत नाहीत म्हणून. आबा त्याला म्हणाला, "तुमच्या घरात पोर भाजलं तर कुणाला इचारून पाणी वतता?" बाबू बाजूला झाला आणि त्यानंच एक गाठोडं उचललं.

हौदात एकेक बुडवताना बुडबुडे वर येत होते आणि वैजू एकेकाचं नाव घेत होती. आई. दादा. सुमी. आजी हौदातच दुभंगली. लुंगीचं गाठोडं, ज्याच्यावर कूलरचा वारा सरळ बसला होता, तिच्या हातात दोन तुकडे होऊन राहिलं. अजून दोन गेली. पाच वाचली. मीही कोपरापर्यंत हात घालून काम करत होते. वैजू माझ्या हातात गाठोडं द्यायची नाही. आबाच्या हातात द्यायची, आणि आबा माझ्याकडं द्यायचा.

संध्याकाळच्या गाडीनं आबा जाणार होता. त्याला स्टँडवर सोडायच्या आधी मी वैजूला जिन्यात गाठलं.

"खोटं का बोललीस?"

"तुझ्यासाठी नाही बोलले."

"मग?"

"म्हातारा किती खूश होऊन बोलत होता तुझ्याबद्दल." तिचे हात अजून ओले होते, ते ती ओढणीला पुसत होती. "माझा बाप माझ्याबद्दल असं कुणापुढं बोलला नाही कधी. मला नाही तोडवलं ते. बास. पण तू माझ्याशी परत बोलू नको मालन. मी तुला माफबीफ केलेलं नाही."

त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मला तिचा इतका राग आला की तिला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं. ह्यातही तीच वर गेली. मी चार वर्षं ज्या शब्दासाठी जीव टाकत होते तो शब्द माझ्या बापाच्या तोंडात तिनं तसाच राहू दिला, भिकाऱ्याच्या थाळीत नाणं राहू द्यावं तसा. तिनं सांगून टाकलं असतं तर निदान भांडण झालं असतं. माझ्या बाजूचे चार शब्द मी बोलले असते. तिनं तेही ठेवलं नाही.

सोमवारी पारेखबाई आल्या. टेबलावर पाच गाठोडी होती, अजून दमट, आणि चार ठिकाणी नुसत्या खापऱ्यांचे ढीग. वैजूनं ते हलवले नव्हते. बाईंनी विचारलं, हे काय? ती म्हणाली, माती मला कळली नाही, ही माणसं गेली. बाई बराच वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्या रांजणापाशी आल्या, "सांधा कुठंय ते कळत नाही, सुंदर!" म्हणाल्या आणि पुढं गेल्या. संध्याकाळी बोर्डावर नाव लागलं. होगाडे वैजयंता.

मी रडले नाही. दोघींत एकच जागा होती, ती वैजूला गेली, असं घरी कार्ड टाकलं आणि चार दिवसांनी ट्रंक भरून गावाकडं आले.

घरात पाय ठेवला तेव्हा आबा चाकावर होता. ओसरीत शेजारची गोदाकाकू आणि आळीतल्या तिघी-चौघी बसल्या होत्या. भाऊ दाराशी उभा होता, तोंड पाडून. आबानं चालू मडकं उतरवलं, चाक थांबवलं, त्याच्यावरची माती पुसली. आत जाऊन हळदकुंकवाची वाटी आणली आणि चाकाला बोटं लावली. मग तो बाजूला सरकला.

"बस," मला म्हणाला.

मला कळेना. मी ट्रंक हातात घेऊनच उभी.

"अवो, बाईमाणूस चाकावर?" गोदाकाकू म्हणाली. "आपल्यात हाय का असं?"

"न्हाई आपल्यात," आबा म्हणाला. "पर मी इच्यार केला. तिथं कॉलेजात हिच्याबरुबर एक पोरगी हुती. दोघींत एकच जागा. ती पोरगी चुनखडीची माती घिऊन आली. दुसरी कुणी असती तर गप बसली असती. मरू दे म्हणाली असती. माझ्या पोरीनं तिला तोंडावर सांगितलं, ही वापरू नगंस. तिनं ऐकलं न्हाई, ती गोष्ट येगळी. जागा गेली तर गेली. पर जी दुसऱ्याची माती राखती तिनं चाकावर बसलं तर काय बिघडतंय? बस गं."

भावानं तोंड फिरवलं.

मी ट्रंक खाली ठेवली. साडी खोचून बसले. आबानं स्वतः मळलेला गोळा चाकाच्या मधोमध ठेवला आणि फिरवायचं दांडकं माझ्या हातात दिलं.

"व्हय का गं मालन?" गोदाकाकूनं पुढं वाकून विचारलं. "खरंच सांगितलंस तू त्या पोरीला?"

मी दांडकं चाकाच्या खाचेत घातलं आणि जोर लावला. चाक फिरायला लागलं.

"व्हय," मी म्हणाले.